केंद्राचा आकडा वेगळा, चिमणीचा वेगळा

ताई, तुम्ही लिहिलंय की संभाजीनगरच्या हवा-मोजणी केंद्रावर सल्फर डायऑक्साइड (कोळशातलं गंधक जळून होणारा वायू) मर्यादेच्या बराच खाली दिसतो, मग देशाचं उत्सर्जन वाढत गेलं असं सगळे का सांगतात? परळीच्या औष्णिक वीजकेंद्रावर प्रकल्प करताना मीही नेमका इथंच अडकलो होतो.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. हौदातली पातळी बघून टँकरनं किती पाणी ओतलं ते कळत नाही, तसंच हे. मोजणी केंद्र त्या जागच्या हवेतलं प्रमाण मोजतं, उत्सर्जन म्हणजे वर्षाला किती टन बाहेर पडलं. उंच चिमणीतला वायू लांब जातो आणि वाटेत त्याचे सल्फेटचे बारीक कण होतात. त्यांची नोंद पीएम 2.5 मध्ये, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांच्या मोजणीत होते.

माझा सगळ्यात जास्त वेळ एका कार्यालयानं खाल्ला. माहिती अधिकारात मी संचनिहाय, म्हणजे वीज बनवणाऱ्या एकेका संचाचं उत्सर्जन मागितलं, हाती आले शहरातल्या केंद्रांच्या सरासरीचे तक्ते आणि ‘सर्व मूल्ये मर्यादेत’ हा शेरा. समक्ष गेलो तरी तेच. चिमणीच्या सावलीत राहणाऱ्या माणसांच्या प्रश्नाला हे उत्तर नव्हे, आजही त्याचा संताप येतो. म्हणून अर्जात ‘प्रदूषणाची माहिती’ असं मोघम लिहू नका. चिमणीतलं प्रमाण, धुराचा प्रवाह, जळालेला कोळसा आणि त्यातलं गंधकाचं प्रमाण, असं वेगवेगळं मागा. 0.5 टक्के गंधकाचा 1000 टन कोळसा जळाला की साधारण 10 टन वायू होतो, थोडं गंधक राखेत राहतं. एवढ्यावर ढोबळ पडताळा घेता येतो.

देशाच्या आलेखासाठी एकच उत्सर्जन-सूची (कुठून किती वायू बाहेर पडला याची वर्षवार यादी) धरा. दोन सूच्या जोडल्या की सांध्यावर खोटी उडी दिसते. 2017 साली उपग्रहाच्या मोजणीवरून एक अभ्यास आला: 2007 नंतर चीनचं उत्सर्जन 75 टक्क्यांनी घटलं, भारताचं 50 टक्क्यांनी वाढलं. आपल्याकडं मुख्य कारण वीजकेंद्रांचा कोळसा. वाहनांच्या इंधनातलं गंधक एप्रिल 2020 पासून 10 पीपीएमवर (दहा लाख भागांत 10 भाग) आलं, पण देशाच्या बेरजेत तो वाटा लहान आहे.

आलेखातला प्रत्येक उतार सुधारणेचा समजू नका. 2015 च्या दुष्काळात परळीचे संच पाण्याअभावी बंद पडले होते, 2020 मध्ये टाळेबंदी होती. डिसेंबर 2015 मध्ये वीजकेंद्रांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा लागली, मग मुदती वाढत गेल्या, आणि जुलै 2025 मध्ये मोठ्या शहरांपासून व अतिप्रदूषित पट्ट्यांपासून दूरच्या बहुतेक केंद्रांना गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून मोकळीक मिळाली. मला हा निर्णय चुकीचा वाटतो. कण शेकडो किलोमीटर जातात, मग शहरापासूनचं अंतर मोजून काय साधलं? चुनखडीवर चालणाऱ्या ओल्या यंत्रणेला पाणी लागतं ही मराठवाड्यातली खरी अडचण, ती मी नाकारत नाही. हे माझं मत, तुमच्या मार्गदर्शकांचं वेगळं असू शकतं.

माहिती अधिकाराच्या अर्जाला अर्धवट उत्तर आलं तर 30 दिवसांत पहिलं अपील करा. मुदत उत्तर हाती पडल्यापासून धरतात, तेव्हा पाकीट जपून ठेवा.