स्टायपेंड: तोलून दिलेला पैसा

'सॅलरी मिठावरून आली, तसा स्टायपेंडही मिठावरूनच आला का?' असा प्रश्न आहे. नाही. सॅलरीचं लॅटिन मूळ 'सालारिउम', त्यात 'साल' म्हणजे मीठ आहे हे खरं, पण रोमन सैनिकांच्या हातावर पगार म्हणून मीठ ठेवत, असं सांगणारा प्राचीन लेखक सापडत नाही. सैनिकाच्या पगाराला लॅटिनमध्ये नेहमीचा शब्द होता 'स्टिपेन्डिउम', आणि स्टायपेंड त्याच्यातूनच आला.

त्याची फोड 'स्टिप्स' अधिक 'पेन्डेरे'. स्टिप्स म्हणजे किरकोळ नाणं, देवापुढे ठेवलेला पैसा, वर्गणी. पेन्डेरे म्हणजे तोलणे. सुरुवातीच्या रोममध्ये पैसा म्हणजे कांशाचा तुकडा. 'आस' हे नाणं मुळात एक रोमन पौंड, म्हणजे सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. रोमन पंडित व्हॅरो लिहितो की ज्यांच्याकडे असे पुष्कळ आस असत, ते पेटीत न टाकता खोलीत थप्पी लावून ठेवत. असा पैसा मोजण्यापेक्षा तराजूत घालणं सोपं. त्यामुळे 'तोलणे' या क्रियापदालाच 'पैसे चुकवणे' हा अर्थ चिकटला. पेन्शन आणि एक्स्पेन्स याच घरातले.

रोमन इतिहासकार लिव्हीच्या इतिहासात इ.स.पू. ४०६ सालची हकीकत आहे. तोवर रोमन शेतकरी स्वतःच्या खर्चाने लढायला जात. त्या वर्षी सरकारी तिजोरीतून पायदळाला पगार द्यायचं ठरलं, आणि त्यासाठी कर बसला. चांदीची नाणी अजून पाडली जात नव्हती, म्हणून काहींनी आपल्या वाट्याचं जड कांसं बैलगाड्यांत भरून तिजोरीकडे नेलं. मला हा शब्द या प्रसंगाशिवाय समजलाच नसता. पगाराच्या शब्दात तराजू का, ते त्या गाड्या बघितल्या की कळतं.

आता अर्थांकडे, कारण खरी गंमत तिथे आहे. स्टिपेन्डिउम म्हणजे पगार, आणि स्टिपेन्डिउम म्हणजेच जिंकलेल्या लोकांकडून घेतलेली खंडणी. एकाच शब्दाला दोन उलट अर्थ कसे? इ.स.पू. ३९४ मध्ये फालेरी ही रोमजवळची शत्रूची नगरी शरण आली, तेव्हा त्या वर्षीचा सैन्याचा पगार तिथल्या लोकांनी भरावा, म्हणजे रोमन जनतेला कर पडणार नाही, असं ठरलं. सैनिकाला मिळाला तो पगार, फालेरीकरांनी भरली ती खंडणी, रक्कम तीच. पुढे सीझरने गॉलवर, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सवर, वर्षाला ४ कोटी सेस्टर्टियस (रोमन नाणी) बसवले, तेही याच नावाने.

तिसरा अर्थ कबरींवर दिसतो. सैनिकाच्या शिळेवर नाव, वय आणि मग 'स्टिप' एवढी आद्याक्षरं नि आकडा: १७, २०, २५. ती रक्कम नव्हे, नोकरीची वर्षं. माणसाचं आयुष्य पगाराच्या वर्षांत मोजलेलं बघताना मी दर वेळी थांबतो. हप्त्यालाही हाच शब्द होता: पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात साध्या सैनिकाला वर्षाचे २२५ डिनेरियस (चांदीची नाणी) तीन हप्त्यांत मिळत, पुढे सम्राट डोमिशियनने ७५ चा चौथा हप्ता वाढवला.

लॅटिन बायबलात 'पापाचे वेतन मरण' या वाक्यात वेतनाला हाच शब्द वापरला आहे, अनेकवचनी. सैनिकाचा पगार डोळ्यांपुढे ठेवून वाचलं तर वाक्य अधिक बोचतं: पाप हा धनी, आणि तो चाकरी केल्याचे पैसे चुकते करतो.

आणि आपला 'पगार'? तो पोर्तुगीज 'पागार'मधून आला, आणि मागे जाऊन लॅटिन 'पाकारे'ला, म्हणजे शांत करणे याला, मिळतो. घेणेकऱ्याला देऊन शांत करायचं. तेव्हा इंटर्नशिप करणारी मुलगी 'स्टायपेंड आला का?' विचारते नि तिची आई 'पगार झाला का?' म्हणते, तेव्हा दोघी लॅटिनच बोलत असतात, फक्त एकीच्या शब्दात तराजू आहे आणि दुसरीच्या शब्दात समजूत.