मोठ्या शहरात निवांत बसून चहा पिता येईल अशी जागा कशी शोधावी?

तुम्ही लिहिलंय की शहर मोठं आहे, तुम्हाला नवीन आहे, बहुतेक वेळा एकटीच असता, आणि तासभर शांतपणे बसून चांगला चहा पिता येईल अशी जागा मिळत नाही. जी ठिकाणं नावाजलेली म्हणून दिसतात तिथे गोंगाट असतो आणि उठायची घाई. मीही बरेचदा एकटीच चहाला बाहेर जाते आणि अशा जागा शोधायचा मला मनापासून नाद आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कुठल्याही ठिकाणी शिरण्याआधी एक विचार करा : या जागेचं भाडं कशातून निघत असेल? चहा हा मेन्यूकार्डावरचा जवळजवळ सगळ्यात स्वस्त पदार्थ असतो. एका कपावर तासभर बसणारं गिऱ्हाईक हमरस्त्यावरच्या महागड्या जागेला परवडतच नाही. यात मालकाच्या मनात काही वाईट असतं असं नाही, त्याचा हिशेब तसा असतो. मग खुर्च्या टणक आणि बिनपाठीच्या येतात, टेबलं दोन कप जेमतेम मावतील एवढी होतात, गाणी मोठ्याने लागतात आणि न मागता बिल समोर येतं. याउलट जिथे जागेचा खर्च दुसऱ्याच कशातून भागतो, तिथे तुमची खुर्ची कधी रिकामी होतेय याकडे कुणी डोळे लावून बसलेलं नसतं. संग्रहालयातलं उपाहारगृह, पुस्तकांच्या दुकानातला चहाचा कोपरा, मोठं ग्रंथालय, सार्वजनिक बाग, रोपवाटिका, प्रयोग नसलेल्या वेळी नाट्यगृहाचं कॅन्टीन, जुन्या हॉटेलची लॉबी. माझी शोधाशोध नेहमी इथून सुरू होते. संग्रहालयांच्या बाबतीत दारावर जरूर विचारा, कारण पुष्कळ ठिकाणी उपाहारगृहापर्यंत तिकिटाशिवाय जाता येतं आणि लोकांना ते माहीतच नसतं. त्यानंतर मी मुख्य रस्ता सोडून एक-दोन गल्ल्या आत शिरते. तिथे भाडं कमी असतं आणि मालक बहुतेक वेळा स्वतः गल्ल्यावर असतो.

आत गेल्यावर मेन्यूकार्ड हातात घेण्याआधी वर, छताकडे बघा. माझ्या मते जागेचा निम्मा निकाल छतच देतं. वर उघडं काँक्रीट आणि पाइप, खाली फरशी, एका बाजूला अखंड काच, असा थाट असेल तर आवाज कुठेच शोषला जात नाही, नुसता इकडून तिकडे आपटत राहतो. दोनच टेबलं भरलेली असतील तर ही गोष्ट लक्षात येत नाही, पण दहा भरली की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. याचं कारण एका फ्रेंच डॉक्टरांनी, एतियेन लोंबार यांनी, 1911 मध्येच मांडून ठेवलंय : आजूबाजूचा आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचाही आवाज चढवतो. प्रत्येक टेबल शेजारच्या टेबलाच्या वर जायला बघतं आणि पाहता पाहता सगळी खोली ओरडायला लागते. पडदे, गालिचा, गाद्यांच्या खुर्च्या, पुस्तकांनी भरलेली कपाटं, लाकडी किंवा सच्छिद्र छत, हे सगळं आवाज पिऊन टाकतं. फोनवर आवाज मोजायचं एखादं ॲप टाकून घ्या. ती मापं काटेकोर नसतात, पण अंदाजाला पुरतात. साधं बोलणं साधारण 60 डेसिबलचं असतं. नुसता बसल्या जागचा आवाजच 70 च्या पुढे जात असेल तर तिथे ना गप्पा होतील, ना वाचन. कॉफीचं दळणयंत्र आणि वाफेची नळी असलेल्या काउंटरपासून शक्य तितकं लांब बसा.

आता चहाबद्दल. जागा सुंदर असून चहा मिळमिळीत असला तर माझा जीव हळहळतो, कारण तो चांगला करायला खरं तर फार काही लागत नाही. काळ्या चहाला जवळजवळ उकळतं पाणी लागतं. ग्रीन टीला साधारण 70 ते 80 अंश सेल्सियस पुरतं, त्याहून गरम पाण्याने तो कडवट होतो. कॉफीवर भर असलेल्या ठिकाणी यंत्राच्या नळाचं पाणी उकळीच्या बरंच खाली असतं, त्यातच कपात टी-बॅग सोडून समोर आणून ठेवतात. त्या पाण्यात काळ्या चहाचा रंग उतरतो, चव उतरत नाही. म्हणून मी ऑर्डर देतानाच विचारते : पाणी नुकतं उकळलेलं आहे का, आणि सुट्या पानांचा चहा मिळेल का? या साध्या प्रश्नावर समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. ज्याला चहाची आस्था आहे तो खुलतो आणि दोन गोष्टी आपणहून सांगतो.

किटली आली की झाकण उचलून आत बघा. चांगल्या चहाची वळलेली पानं पाण्यात सुटून, फुगून, पसरून बसलेली दिसतात. काही पानांचा देठही ओळखू येतो. ती मोकळी व्हायला जागा लागते, म्हणून लहानशा जाळीच्या गोळीत ठासून भरलेली पानं मला बघवत नाहीत. टी-बॅगमध्ये बहुधा पानांचा चुरा आणि भुकटी असते. त्यामुळे तो चहा झटपट गडद होतो आणि तितक्याच झटपट तुरट. सुट्या पानांना तीन ते पाच मिनिटं द्यावीत आणि मग ती पाण्यातून काढता यायला हवीत. किटलीबरोबर गाळणं आणि ते ठेवायला बशी दिली असेल तर समजा, इथे कुणीतरी विचार केलाय. चांगल्या ठिकाणी त्याच पानांवर दुसऱ्यांदा गरम पाणी मागितलं तर आनंदाने देतात. ऊलाँगसारखा, म्हणजे काळा आणि ग्रीन यांच्या मधला चहा तर त्यासाठीच घ्यावा, दुसरं-तिसरं पाणी अनेकदा पहिल्यापेक्षा सरस निघतं. तुम्हाला दूध-साखर घालून उकळलेला चहा हवा असेल तर पाण्याचा प्रश्नच मिटतो. तिथे फक्त तो त्या वेळी ताजा टाकतात की सकाळपासून मंद आचेवर ठेवलेलाच ओततात, एवढं बघा.

एकटीने बसण्याबद्दल तुम्ही जी धाकधूक लिहिली आहे, ती मला मुळीच किरकोळ वाटत नाही. मोठ्या शहरांमधली चहागृहं वाढली त्यामागे हाही प्रश्न होता. लंडनमध्ये एरेटेड ब्रेड कंपनी या पाव बनवणाऱ्या कंपनीने 1864 मध्ये चहाचं दुकान उघडलं आणि पुढे त्याच्या शाखा वाढत गेल्या. बाईला सोबतीशिवाय जाऊन निःसंकोच बसता यावं अशा मोजक्या जागांमध्ये ही दुकानं होती. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोमध्ये कॅथरीन क्रॅन्स्टन या बाईंनी 1878 पासून एकामागून एक चहागृहं काढली. दारूच्या गुत्त्यांना पर्याय हवा, ही त्या काळची चळवळही त्यांच्या पथ्यावर पडली. 1903 मध्ये त्यांनी वास्तुरचनाकार चार्ल्स रेनी मॅकिंटॉश यांच्याकडून उभारून घेतलेल्या विलो टीरूम्समध्ये स्त्रियांसाठी खास दालन होतं. मॅकिंटॉश यांनी क्रॅन्स्टनबाईंच्या चहागृहांसाठी घडवलेल्या खुर्च्यांच्या पाठी माणसाच्या डोक्यापेक्षा उंच होत्या. चार खुर्च्या टेबलाभोवती ओढल्या की त्या टेबलाची वेगळी खोलीच झाल्यासारखी वाटावी. ही युक्ती आजही चालते. उंच पाठीचा बाक, खांबाआडचं टेबल, पुस्तकाच्या कपाटाला लागून असलेली जागा शोधा. पाठीशी भिंत आणि नजरेसमोर दार असलं की एकटं बसणं खूप सोपं होतं. तिथे आधीच कुणी एकटं, वाचत किंवा लिहीत बसलेलं दिसलं तर ती जागा निर्धास्त निवडा.

नकाशावरचे तारे मी फारसे बघत नाही. लोकांनी टाकलेले फोटो मात्र निरखते, तेही बशीतल्या पदार्थांचे नाही, तर मागे दिसणाऱ्या छताचे, खुर्च्यांचे आणि दोन टेबलांमधल्या अंतराचे. नाराज लोकांचे अभिप्राय आवर्जून वाचा. ‘वेटर लवकर येत नाही’ अशी तक्रार वारंवार दिसली तर घाईत असलेल्या माणसासाठी ती वाईट खूण आहे, तुमच्यासाठी कदाचित चांगली. ‘जागा मिळायला थांबावं लागलं’ असं असेल तर मात्र पुढे चला. गूगल मॅप्सवर अनेक ठिकाणांसाठी दिवसभरातल्या गर्दीचा आलेख दिसतो, तो तुम्ही ज्या दिवशी आणि ज्या वेळी जाणार त्याच रकान्यात बघा. दुपारचं जेवण आटोपल्यावर आणि ऑफिसं सुटण्याआधी जो मधला वेळ असतो, तो मला सगळ्यात प्रिय. स्वयंपाकघराची धावपळ थांबलेली असते, वाढणाऱ्यांना दोन शब्द बोलायला फुरसत असते. फक्त पश्चिमेच्या काचेला लागून त्या वेळी बसू नका, ऊन थेट तोंडावर येतं.

अशी जागा मिळाली की तिला जपणंही आलं. तासापेक्षा जास्त बसायचं तर दुसरं काहीतरी मागवा, गर्दी वाढायला लागली की चौघांचं टेबल सोडून लहान टेबलावर जा, फोनवर बोलायचं असेल तर बाहेर या. ज्या मालकाने चहावर तासभर बसू दिलंय, त्याचं दुकान त्या गल्लीत टिकावं असं मला अगदी मनापासून वाटतं, आणि ते आपल्यासारख्यांच्या वागण्यावर पुष्कळ अवलंबून असतं.

जागा आवडली तरी लगेच पक्की करू नका. दुसऱ्यांदा वेगळ्या वारी, वेगळ्या वेळी जाऊन बघा, कारण आठवड्यातली शांत जागा रविवारी ओळखू येत नाही. तेव्हाही बरं वाटलं तर निघताना विचारून घ्या की सुट्टी कोणत्या वारी असते, चहा शेवटी किती वाजेपर्यंत मिळतो आणि कोपऱ्यातलं टेबल साधारण कधी मोकळं असतं.