आमचा डेटा त्यांना द्यावा का?

प्रश्न: आमच्या गटाने सहा वर्षं खपून ३,००० लोकांची उपाशीपोटीची साखर, वजन, कमरेचा घेर आणि डीएनएचे नमुने गोळा केले. मधुमेहाच्या जनुकांवर काम करणाऱ्या, अनेक देशांतल्या गटांच्या एका मोठ्या प्रकल्पाने आता आम्हाला सामील व्हायला बोलावलं आहे. आमचे सर म्हणतात, "डेटा गेला की आपण तीनशे लेखकांच्या गर्दीत दिसेनासे होऊ. शिवाय त्यांच्या लाखांपुढे आपले तीन हजार काय?" मॅडम, काय करावं?

उत्तर: सामील व्हा. अशा प्रकल्पांत आकडेमोडीचं काम मी अठरा वर्षं करते आहे, त्यामुळे सरांची धास्ती मला कळते. पण बहुतेक वेळा डेटा जातच नाही. प्रत्येक गट ठरलेल्या पद्धतीने आपापल्या संगणकावर विश्लेषण करतो आणि फक्त गोषवारा पाठवतो: डीएनएतल्या अमुक बदलाबरोबर साखर सरासरी किती वाढते वा घटते, त्या अंदाजात चूक किती असू शकते, तो बदल किती जणांत आढळतो. एकेका माणसाची नोंद तुमच्याकडेच राहते.

खरे कष्ट हे आकडे जुळवण्यात आहेत. साखर कुणी १२६ लिहितं, कुणी ७. एकक वेगळं, साखर तीच. हे लगेच ध्यानात येतं. गोळ्या घेणाऱ्यांची साखर औषधाने उतरलेली असते, त्यांना वगळायचं का, हे सगळ्यांनी मिळून आधीच ठरवावं लागतं. आणि काही चुका दिसतच नाहीत. एकदा एका गटाचे डीएनएतल्या काही जागांवरचे निष्कर्ष बाकी सगळ्यांच्या बरोबर उलटे आले. तीन आठवडे आम्ही शोधत होतो. डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एकावर 'ए' हे रासायनिक अक्षर असेल तिथे दुसऱ्यावर 'टी' असतो, 'जी'समोर 'सी'. त्यांनी अक्षरं दुसऱ्या धाग्यावरून वाचली होती. बदल 'ए' आणि 'जी'मधला असेल तर तो दुसऱ्या धाग्यावर 'टी' आणि 'सी' दिसतो, चूक पकडता येते. 'ए' आणि 'टी'मधला बदल मात्र दोन्हीकडे सारखाच दिसतो. मग कोणतं अक्षर किती जणांत आहे हे ताडून पाहायचं. तेही निम्मं-निम्मं असेल तर ती जागा सोडून द्यायची. म्हणून कोणता धागा आणि जीनोमची कोणती संदर्भ आवृत्ती (म्हणजे जागा मोजायचा प्रमाण नकाशा), ३७ की ३८, हे फाइलबरोबर लिहूनच पाठवा.

आता तीन हजारांबद्दल. २००५ साली अमेरिकेतल्या डॅलसच्या हृदयविकार अभ्यासात रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल खूप कमी असलेल्या १२८ जणांचं 'पीसीएसके९' हे जनुक तपासलं गेलं. ते बंद पाडणारे दोन बदल सापडले. कृष्णवर्णीयांत ते सुमारे २ टक्के लोकांत होते, गोऱ्यांत जवळपास नव्हतेच. दहा वर्षांनी, २०१५ मध्ये, याच जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला रोखणाऱ्या औषधांना मान्यता मिळाली. फक्त युरोपीय वंशाचे लोक कितीही लाखांनी तपासले असते, तरी हे दोन बदल नजरेत भरले नसते. तुमचे लोक इतर गटांहून वेगळे असतील, तर तेच तुमचं बळ आहे.

एका गोष्टीत मात्र मी अडून बसेन: संमतीपत्र. ॲरिझोनातल्या हवासुपाई जमातीच्या लोकांनी १९९०च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं. पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनिया आणि पूर्वजांच्या स्थलांतरावरच्या संशोधनात वापरले गेले. खटला झाला, २०१० मध्ये ७ लाख डॉलरवर तडजोड झाली आणि उरलेलं रक्त जमातीला परत करण्यात आलं. तुमच्या लोकांनी फक्त मधुमेहासाठी हो म्हटलं असेल, तर गोषवाराही तेवढ्यापुरताच द्या. पुढच्या प्रत्येक विषयासाठी पुन्हा नीतिसमितीकडे जा, गरज पडल्यास पुन्हा लोकांकडेही.

श्रेयाचं बोलणं सुरुवातीलाच, लेखी करा. लेखन करणाऱ्या छोट्या गटात तुमचा एक माणूस मागा, शक्यतो ज्याने आकडेमोड केली तोच. एखादा उपप्रश्नही मागा, उदाहरणार्थ कमरेचा घेर आणि साखर, ज्याचा शोधनिबंध तुमचा गट लिहील. अशा मागण्या मान्य होताना मी पाहिल्या आहेत, पण निष्कर्ष हाती आल्यावर केलेली एकही मान्य झालेली मला आठवत नाही.

संमतीपत्रात 'इतर संशोधकांना' या शब्दांच्या आसपास नेमकं काय लिहिलंय, ते मला कळवा. त्यावर पुढच्या अंकात सविस्तर लिहीन.