शौर्यपदक नसलेल्या फौजी आजोबांवर लिहायचं तरी काय?

तुम्ही विचारलंय की आजोबा फौजेत होते, नुकतेच वारले, वर्षश्राद्धाला त्यांच्यावर एक छोटी पुस्तिका काढायची आहे. पण शौर्यपदक नाही, मोठा हुद्दा नाही, मग लिहिण्यासारखं काय? माझे सासरे असेच होते, म्हणून उत्तर देतेय.

अण्णा कोरेगावचे, सातारा जिल्हा. 1966 ला बेळगावला मराठा रेजिमेंटच्या सेंटरवर भरती झाले, 1983 ला हवालदार म्हणून पेन्शनीवर आले. गावात मात्र शेवटपर्यंत 'मेजर'. आमच्याकडे फौजेतनं आलेला प्रत्येक जण मेजरच असतो, त्याला इलाज नाही. पूर्वी स्टार, संग्राम मेडल अशी पदकं होती, पण ती 71 च्या लढाईतल्या त्यांच्यासारख्या सगळ्यांनाच मिळालेली.

लढाई त्यांनी खरीच पाहिली होती. ते पहिल्या बटालियनचे, म्हणजे जंगी पलटणीचे. डिसेंबर 1971 मध्ये ही पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या पिछाडीला जाऊन बसली. तिथल्या पाकिस्तानी कमांडरला 'शरण या' अशी चिठ्ठी धाडली, तर त्याने उत्तराच्या कागदासोबत बंदुकीची गोळी पाठवली. मग 10 तारखेच्या रात्री तेच लोक वेढा फोडून निघाले आणि मराठ्यांच्या खंदकांवर येऊन आदळले. माझ्या मुलाने हे सगळं यूट्यूबवर पाहिलं आणि पळत येऊन विचारलं, "अण्णा, तुम्ही होता ना तिथं?" अण्णा म्हणाले, "होतो की. थंडी लई. आन् बूट वले." संपलं. पुढे टांगाईलजवळ पुंगली पुलावर विमानातनं पॅराशूटने उतरलेल्या 2 पॅरा या पलटणीशी गाठ पडली, ती पलटणही मूळची मराठ्यांचीच, हे सांगताना मात्र खुलायचे. कारण तिथं त्यांना शेजारच्या गावचा एक जण भेटला होता आणि त्याच्याकडं तंबाखू होती.

तेव्हा लढाईची पानं इतिहासातून भरता येतील, पण तुमचे आजोबा त्यात सापडायचे नाहीत. फौजेतली वर्षं सतरा, त्यानंतरची चाळीसच्या वर. मी असते तर तिकडे वळले असते.

पेन्शनीनंतर ते एका बँकेत दुनळी बंदूक घेऊन दारावर बसायचे. मुलांचं शिक्षण त्या पगारावर झालं. घरी आमच्या भागातला वाघ्या घेवडा आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमटीला घ्यायच्या, अण्णा त्याचा पंजाबी राजमा करायचे, जम्मूकडे असताना शिकलेला. रविवारी स्वयंपाकघरात आम्हा बायकांना प्रवेश बंद. भांडी मात्र आम्हालाच घासायला लागायची, हेही लिहून ठेवते.

पण त्यांचं खरं काम वेगळंच होतं. आसपासच्या गावांतल्या फौजींच्या विधवा त्यांच्याकडे कागद घेऊन यायच्या. नवरा गेला, फॅमिली पेन्शन अडली. का, तर पलटणीच्या रेकॉर्डला बाईचं माहेरचं नाव, आधारवर लग्नानंतरचं. कुठं जन्मतारीख जुळत नाही, कुठं लग्नाची नोंदच केलेली नाही. नवऱ्याने जिवंतपणी एक अर्ज दिला असता तर मिटलं असतं. अण्णा ओसरीवर चष्मा लावून, दोऱ्याने बांधलेली पुडकी सोडून, एकेक कागद सतरंजीवर ओळीनं मांडायचे आणि जो नाही त्याची जागा मोकळी ठेवायचे. "ही जागा भरली की पेन्शन सुरू," म्हणायचे. ॲफिडेव्हिट, गॅझेट, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात खेपा. चहाशिवाय काही घेतलं नाही. एकीने कोंबडी आणून दिली होती, ती परत पाठवली आणि आमचा मुलगा रुसला.

गेले ते घरीच, पहाटे, दाढी करून झाल्यावर. फार हाल झाले नाहीत.

माजी सैनिक संघटनेची माणसं तासाभरात आली. टोप्या, पदकं लावून, पुष्पचक्र घेऊन. एका नातेवाइकाने तिरंगा आणला होता, वर घाला म्हणून हट्ट धरला. एक म्हातारे सुभेदार पुढे झाले. "पावनं, झेंडा सरकारी नायतर मिलिटरी इतमामाच्या अंत्ययात्रेतच अंगावर घालत्यात. आन् तवाबी चितेवर जात न्हाई. घडी करा." पेन्शनर आपल्या मरणाने गेला की बंदुकीच्या फैरी आपोआप झडतात असं अनेकांना वाटतं, तसं नसतं. त्यांनी ओळीत उभं राहून सॅल्यूट दिला. मागे त्या विधवा उभ्या होत्या, बऱ्याच. मला निम्म्यांची नावंही माहीत नव्हती.

दिवस झाल्यावर आम्ही त्यांची काळी ट्रंक उघडली. वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. आत सगळ्यात वर पीपीओ, म्हणजे पेन्शनचा हुकूम, आईंचं नाव रेकॉर्डला बरोबर असल्याचं पत्र, दोघांचा एकत्र फोटो, आणि एका कागदावर क्रमाने: आधी मृत्यूचा दाखला, मग बँकेला कळवा, मी गेल्यावर जमा झालेली पेन्शन खर्चू नका, ती परत जाते. आईंना एकही खेप घालावी लागली नाही. त्या दिवशी रडल्या, तोवर रडल्या नव्हत्या.

तर तुम्ही आधी आजोबांचं डिस्चार्ज बुक शोधा. भरती, पलटण, पदकं, बायकोमुलांची नावं त्यात असतात. घरात नसेल तर रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. मराठा रेजिमेंटचे असतील तर ते बेळगावलाच आहे. मग आजोबांच्या दहाव्याला आलेल्यांपैकी जे तुम्हाला अनोळखी होते त्यांच्याकडे वही घेऊन जा. आणि आजीची फॅमिली पेन्शन सुरू झाली नसेल तर पुस्तिका राहू द्या, आधी ते बघा.