केळीसारखी सुवासिक भाताचीही टिश्यू कल्चर रोपं लावावीत का?

प्रश्न : वडिलांच्या वेळचा सुवासिक भात आम्ही अजून लावतो, पण तो खूप उंच वाढतो आणि दाणा भरायच्या टायमाला वारा आला की आडवा पडतो. वासही आता पहिल्यासारखा येत नाही. केळीसारखी टिश्यू कल्चरची रोपं करून लावली तर वास परत येईल का?

उत्तर : नाही येणार, आणि त्यात पैसे घालूही नका. केळीला बी नाही म्हणून टिश्यू कल्चर, म्हणजे लॅबमध्ये बाटलीत रोपं वाढवणं, करावं लागतं आणि एकरी हजार-दीड हजार रोपांत काम भागतं. भात २० बाय १५ सेंटीमीटरवर लावला तर एकरात जवळपास १ लाख ३५ हजार चूड (रोपांचे झुबके) बसतात, एवढी रोपं बाटलीत कोण वाढवणार? शिवाय भात स्वपरागीत आहे, म्हणजे त्याच फुलाच्या परागानं दाणा धरतो, त्याचं बी बहुतेक आईसारखंच निघतं.

वास कमी होतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या जातीच्या भेसळीमुळे, किंवा दाणा भरताना गरमी जास्त पडली तर, आणि कडक उन्हात वाळवल्यानेही, कारण वासाचं मुख्य द्रव्य (२-ॲसिटिल-१-पायरोलिन) उडून जाणारं असतं. तो वास बीएडीएच२ नावाचं जनुक बंद पडल्यामुळे येतो. हे बंद पडलेलं जनुकच भेसळीत हरवलं असेल तर लॅब तरी काय करणार!

लॅबचा खरा उपयोग तुमच्या दुसऱ्या तक्रारीला आहे, म्हणजे लोळण्याला. सोललेला दाणा २,४-डी (वाढीवर परिणाम करणारं रसायन) घातलेल्या पोषक माध्यमावर ठेवला की दोन-तीन आठवड्यांत पिवळसर रवाळ गोळा धरतो, तो कॅलस, त्यातून उगवलेल्या काही रोपांत आपोआप फरक पडतो आणि एखादं बुटकं निघू शकतं, मग ते वासासकट टिकतं का हे पुढच्या पिढ्यांत तपासायचं. दुसरी वाट परागकोषाची, म्हणजे फुलातला परागकोष लॅबमध्ये वाढवून त्यातल्या परागकणांपासून थेट रोप काढायचं. १९६४ मध्ये दिल्लीत शिप्रा गुहा आणि सतीश माहेश्वरी यांनी धोतऱ्यावर ती दाखवली, १९६८ मध्ये जपानमध्ये भातावर जमली. बुटक्या जातीशी संकर करून त्या संकरित रोपाच्या परागकोषावर हे केलं तर सहा-सात पिढ्यांचं स्थिरीकरण (पुढच्या पिढ्या एकसारख्या निघणं) एका फटक्यात होतं, फक्त भातात पांढरीफटक रोपं फार निघतात आणि ती जगत नाहीत, तिथे जीव हळहळतो. पण हे काम संशोधन केंद्राचं.

तुम्ही यंदा एवढं करा, कापणीआधी खाचरात फिरून एकसारख्या शे-दोनशे लोंब्या निवडा, प्रत्येकीचे चार दाणे सोलून चावून बघा, वास आला तीच लोंबी वेगळ्या पुडीत ठेवा आणि पुढच्या वर्षी एका लोंबीची एक ओळ लावा.