राधानगरीचा दरवाजा उघडला, अशी बातमी आली की

प्रिय,

बातमी वाचून मनात जे उसळतं ते लिहावं की आवरावं, असं तू विचारलंस. लिहावंच. पण आधी बातमीमागची व्यवस्था कशी चालते ते समजून घे. नाहीतर राग भलत्यावरच निघतो आणि ज्याला जाब विचारायचा तो नामानिराळा राहतो.

पावसाळ्यात हमखास येणारी बातमी घे: ‘राधानगरीचे दोन दरवाजे उघडले, कोल्हापूरला धोका.’ लगेच मोबाईलवर सुरू होतं, रात्रीत पाणी सोडलं, कुणाला पत्ता लागू दिला नाही. आता बघ, राधानगरी हे कोल्हापूरच्या वरच्या बाजूला भोगावती नदीवरचं धरण, आणि त्याचे हे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की आपोआप उघडतात, उतरलं की मिटतात. त्या घटकेला कुणी साहेब हुकूम देत नसतो. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी पडतं. त्याला ८६,४०० ने गुण. दिवसाला साधारण ०.१२ टीएमसी (अब्ज घनफूट) होतं. शिवाय कोल्हापूरच्या पंचगंगेत भोगावतीबरोबर कासारी, कुंभी, तुळशीचंही पाणी येतं. म्हणून दरवाजे मोजत बसू नको, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघ. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. नुसता आकडाही पुरत नाही, चढ किती ते काढ. पातळी ३८ फूट आहे आणि तासाला दोन इंच चढतेय, तर इशाऱ्याला सहा तास उरले.

मग राग कुठे काढायचा? धरण भरण्याआधी, मोठ्या पावसाचा अंदाज हातात असताना, वीजगृहातून आणि सेवाद्वारातून (माणसाने उघडायच्या दारातून) किती पाणी सोडलं, हे तारीखवार विचार. या प्रश्नाला पाटबंधारे खात्याला उत्तर द्यावंच लागेल.

कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचंही तसंच; तिथे पाणी अडवल्याने आपल्याकडे पूर फुगतो, असं म्हटलं जातं. कृष्णा पाणी तंटा लवादाने २०१० साली तिथली साठवण पातळी ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करायला मुभा दिली. आपला विरोध असणं साहजिक आहे. पण पूर आलेल्या दिवशी बोलायचं तर तीन आकडे समोर हवेत: त्या दिवशीची धरणाची पातळी, आवक (आत येणारं पाणी) आणि विसर्ग (बाहेर सोडलेलं पाणी). आवकेपेक्षा विसर्ग कमी ठेवला असेल तर तुझ्या म्हणण्याला वजन येतं.

कायद्याच्या बातमीत क्रियापदावर बोट ठेव. विधेयक ‘मांडलं’, एका सभागृहात ‘मंजूर झालं’, राष्ट्रपतींची संमती मिळाली, राजपत्रात आलं, ‘लागू झालं’. या सगळ्या वेगवेगळ्या पायऱ्या. महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती २०२३ साली मंजूर झाली, पण जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर आरक्षण, ही अट तिच्यातच होती. पेढे वाटणाऱ्या कितीजणांनी ती वाचली? कोर्टाच्या बातमीतही न्यायमूर्तींचा तोंडी शेरा आणि लेखी आदेश यांत गफलत करू नको.

विज्ञानाच्या बातमीत टक्का दिसला की ‘कशाचा’ हे आधी विचार. ‘धोका ५० टक्क्यांनी वाढला’ म्हणजे हजारात दोघांऐवजी तिघे, असंही असू शकतं. प्रयोग उंदरांवर की माणसांवर, किती जणांवर, हे बहुतेकदा बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात असतं. तिथून वाचायला सुरुवात कर.

लिहिताना घडलेलं एका परिच्छेदात आणि तुझं मत दुसऱ्यात ठेव. चुकलं तर गुपचूप पुसू नको; ज्या ग्रुपवर टाकलंस त्याच ग्रुपवर दुरुस्ती टाक. आणि पुराचा आकडा वेळ लिहिल्याशिवाय कधीही पुढे पाठवू नको. सकाळी सहाची पातळी दुपारपर्यंत फिरत राहिली, तर कोल्हापूरच्या नदीकाठच्या सुतारवाड्यातलं एखादं घर ‘अजून अवकाश आहे’ म्हणून सामान हलवायचं थांबतं.

तुझा हितचिंतक