एकतर गिटार, नाहीतर घोडे?

प्रिय मैत्रिणी,

कॅनडातल्या कॅल्गरीच्या दक्षिणेला तुझं घर, दारात चार घोडे, दिवसभर नोकरी आणि रात्री गाणी लिहिणं. आता मे-जूनमध्ये पाच आठवड्यांचा दौरा चालून आलाय, मुख्य गायकाच्या आधी रोज अर्धा तास तुझा. आणि नेमकी घोडी गाभण, मेच्या मध्यावर व्यायची. नवरा म्हणतो, ‘दोन्ही डगरींवर हात ठेवू नकोस, घोडे विकून टाक.’ त्याचं बरोबर आहे का, असं तू विचारतेस.

त्याला तुझी दमणूक दिसते, ती खरीच आहे. सल्ला मात्र मला पटत नाही. तू पाठवलेल्या गाण्यांपैकी शहरातल्या प्रेमाचं गाणं कुणीही लिहिलं असतं. पण पहाटे टाकीवरचा बर्फ फोडताना म्हाताऱ्या घोड्याच्या मिशांवर गोठलेला श्वास, हे तुलाच सुचणार होतं. घोडे गेले तर अशा ओळी कुठून येतील?

तुझ्याच भागात, लाँगव्ह्यू गावाजवळ गायक इयन टायसन राहायचे. तरुणपणी रोडिओत, म्हणजे उधळत्या घोड्या-बैलांवर बसायच्या काउबॉय-स्पर्धेत, जायबंदी झाले आणि इस्पितळात पडल्यापडल्या गिटार शिकले. न्यूयॉर्कच्या लोकसंगीतात नाव कमावलं, मग तुमच्या अल्बर्टा प्रांतात येऊन घोडे-गुरांत रमले. काउबॉयच्या जगण्यावरची त्यांची गाजलेली गाणी त्यानंतरची, १९८०च्या दशकातली. २००६ मध्ये आवाज बिघडला, तरी त्या खरखरीत आवाजात गात राहिले. २०२२ मध्ये गेले, तेही आपल्या रँचवरच. अमेरिकेतल्या वायोमिंगचे गायक ख्रिस लेडू १९७६ चे बेअरबॅक, म्हणजे बिनखोगीर घोड्यावरच्या रोडिओचे जगज्जेते; आपल्या गाण्यांच्या कॅसेट रोडिओच्या गावोगावी स्वतः विकायचे.

तेव्हा दोन्ही जमतं. पण चार घोडे, नोकरी आणि दौरा हे एकटीनं नाही जमणार. ५०० किलोचा घोडा दिवसाला साधारण १० किलो वाळलं गवत खातो. म्हणजे चौघांचं ४० किलो तू रोज उचलतेस, वर लीद काढणं, नालबंदाच्या वेळा सांभाळणं. गेल्या वर्षी घेतलेले दोन तरुण घोडे तू पत्रात एकदाच आणलेस, तेही खर्चाच्या हिशेबात. त्यांना लीजवर दे. ओळखीतलं कुणीतरी त्यांच्यावर बसेल, खर्चही वाटला जाईल. म्हाताऱ्याला मात्र हलवू नकोस. त्या वयाचा घोडा कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

आता घोडीचं. घोडी साधारण ११ महिन्यांनी विते, पण दोन-तीन आठवडे मागेपुढे सहज होतं. सडांच्या टोकाला मेणासारखे थेंब दिसले की रात्रीची जाग आलीच. शिंगरू तासाभरात उभं राहायला हवं, दोन तासांत प्यायला लागायला हवं आणि तीन तासांत वार पडायला हवी. यातलं काहीही लांबलं तर लगेच डॉक्टर. त्या रात्री तू शेजारच्या सास्काचेवान प्रांतातल्या एखाद्या हॉटेलात असलीस, तर स्टेजवर गाशील कशी? म्हणून मेमध्ये घर सोडू नकोस.

दोन बारीक गोष्टी. गवताची धूळ गळ्याला वाईट, म्हणून गठ्ठे सोडताना मास्क लाव आणि गवत थोडं ओलं करून घाल. घोड्यांच्या छातीलाही ते बरं. आणि गिटार बादल्या धुण्याआधी वाजव. पाण्यात हात घालून आलं की बोटांवरचे घट्टे मऊ पडतात आणि तारा रुततात.

दौरा ठरवणाऱ्याला आजच फोन कर. शेवटचे दोन आठवडे, जूनच्या मध्यापासून येते म्हणून सांग आणि कारणही सांग. त्या भागात गाभण घोडी म्हणजे काय हे लोकांना समजावून द्यावं लागत नाही. ‘सगळं नाहीतर काहीच नाही’ असं म्हणाला, तर या वर्षी सोडून दे. हो म्हणाला, तर मिळणाऱ्या मानधनातून सकाळ-संध्याकाळ घोड्यांकडे बघणारं माणूस ठेव आणि ते पहिल्या दिवसापासून खर्चात धर. नवऱ्याला म्हणावं, घोडे विकायचे नाहीत, पण मी नसताना रात्रीची एक फेरी तुझी.

तुझी,
मावशी